वाऱ्यावरचा गोल

एकदा फाल्गुनातल्या एका दुपारी आमच्या शहरात असा वारा सुटला, की मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा दोनदा उडाल्या आणि दोनदा पुन्हा आखाव्या लागल्या. ऊन कडक होतं. तांबडी धूळ उठून पायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत जात होती. तरी कुणी जागचं हलत नव्हतं, कारण त्या दिवशी एका जुन्या तालमीच्या संघाचा सामना होता.

आमच्याकडे फुटबॉल तालमीत राहतो. सामन्याला निघण्याआधी खेळाडू आखाड्याच्या हौद्यात उतरतात, लाल माती कपाळाला लावतात, आणि मगच पायांत बूट घालतात. म्हणून फुटबॉल शिकवणाऱ्यालाही आम्ही वस्तादच म्हणतो.

या तालमीचे वस्ताद वृद्ध होते. तरुणपणी सोळा हंगाम ते मधल्या फळीत खेळले. मधल्या फळीचं काम तसं अवघड, आणि दिसत नाही. मागच्याने दिलेला चेंडू घ्यायचा, चहूबाजूंनी माणसं अंगावर येत असताना तो पायाशी ठेवायचा, मान वर करून बघायचं, आणि ज्याला द्यायला हवा त्याला द्यायचा. गोल दुसराच मारतो आणि मिरवणूकही त्याचीच निघते. सोळा हंगामांत वस्तादांचे गोल तीन. डोक्यावर गुलाल पडला तो एकदाच. त्याची गोष्ट पुढे येईल.

गुडघा गेला तेव्हा त्यांनी खेळणं सोडलं आणि शिकवणं धरलं. सकाळी मैदान, दिवसभर फौंड्रीत साचे. शिष्यांना त्यांचा नियम एकच होता: भिऊन चेंडू वर उडवायचा नाही.

आता आमच्या लोकांचं असं आहे, की चेंडू आभाळात गेला म्हणजे त्यांना खेळ झाल्यासारखा वाटतो. संघ अडचणीत आला की सगळ्या पायऱ्या एका आवाजात ओरडतात, "मार वर!" त्यात सर्वांत मोठा आवाज वस्तादांच्या शेजारच्या दस्तगीरचा. हा लग्नाच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा, तेव्हा छातीत हवेला तोटा नव्हता. घरी वस्तादांना रोज चहाला हाक मारायचा, आणि मैदानात त्यांच्याच संघावर खेकसायचा.

त्या हंगामात संघ दोन सामने हरला होता, एक बरोबरीत सुटला होता. संघाचे अध्यक्ष म्हणजे गुळाचे एक मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणत. ते सामन्याआधी सर्वांदेखत म्हणाले, "वस्ताद, आज जिंकलंच पाहिजे. नाहीतर उद्यापासून तुम्ही पायऱ्यांवर बसायचं."

"बसेन की," वस्ताद म्हणाले. "पायऱ्या काय परक्या आहेत?"

वस्तादांचा लाडका शिष्य इंद्रजित. वय बावीस. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली घडलेला, आणि गुरूसारखाच मधल्या फळीतला. सामना संपायला वीस मिनिटं उरली होती, गोल कुणाचाच नव्हता. इंद्रजितच्या पायाशी चेंडू आला. समोरून दोघे धावत आले. उजव्या हाताला त्याचा साथीदार मोकळा उभा होता, हात वर करून चेंडू मागत होता. पायऱ्या गरजल्या, "मार वर! इंद्या, मार वर!"

इंद्रजितने मान खाली घातली आणि सगळं बळ लावून चेंडू उडवला. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. वर वाऱ्याने तो उचलला. गोलकीपर चार पावलं पुढे आला, मग मागे धावला, मग पडला. चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत गेला.

काय तो कल्लोळ! फटाके वाजले, गुलाल उधळला. दस्तगीरने शेजारच्या अनोळखी माणसाला उचलून धरलं. आणि त्या कल्लोळातच वस्ताद उठले, राखीव खेळाडूला पुढे केलं आणि इंद्रजितला बाहेर बोलावलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग पायऱ्यांवरून आरोळ्या सुरू झाल्या. "वस्ताद, ऊन लागलं काय डोस्क्याला?" "अहो, गोल मारलाय त्यानं!" शेठ खुर्चीवरून उठून तरातरा आले. "वस्ताद, त्याला आत घाला."

"नाही," वस्ताद म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले.

शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांनी गोल फेडला. सामना बरोबरीत सुटला. शेठनी तिथेच सांगून टाकलं, "गोल मारणाऱ्याला बाहेर काढणारा माणूस मी जन्मात बघितला नाही. उद्यापासून येऊ नका." वस्तादांनी शिट्टी गळ्यातून काढली, बाकावर ठेवली, आणि पायी घरी गेले.

दिवेलागणीला इंद्रजित त्यांच्या दारात आला. केसांत अजून गुलाल होता. वस्ताद उंबऱ्याशी बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"वस्ताद, शेठ म्हणतात, तालमीत येऊन चार माणसांपुढं चूक झाली एवढं म्हणा. मग काही नाही. म्हणा की. एक शब्द तर आहे."

"चूक झाली असती तर तू सांगायच्या आधी म्हणालो असतो."

"मग माझी काय चूक होती, तेवढं तरी सांगा!" इंद्रजितचा आवाज चढला. "दहा वर्षं तुमचं ऐकलं. पहिल्यांदा डोक्यावर गुलाल पडला आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. घरी आईनं विचारलं, काय केलंस रे तू? काय सांगू तिला?"

वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. "बस. ओरडून झालं की बस."

तो बसला.

"आखाड्यात पैलवानाला पकड बसली," वस्ताद सावकाश म्हणाले, "आणि तो हौद्याबाहेर उडी टाकून सुटला, तर त्याला कुणी खांद्यावर घेतं का? नाही घेत. तू आज तेच केलंस. चेंडू कुणाला दिला नाहीस, नुसती त्याच्यापासून सुटका करून घेतलीस. गोल वाऱ्यानं मारला. मी तुला गोलाबद्दल बाहेर काढलं नाही, इंद्या. तुझी मान खाली गेली, म्हणून काढलं."

"नंतर घरी सांगायचं होतं."

"नंतर उशीर होतो. ऐक. पस्तीस वर्षांपूर्वी मीही असाच एक चेंडू भिऊन उडवला होता. तोही आत गेला. मला खांद्यावर घेऊन सगळी पेठ फिरली. मला कुणी बाहेर काढलं नाही. त्यानंतर माणूस अंगावर आला की माझ्या पायाला तो गुलाल आठवायचा. पाय आपोआप वर जायचा. दोन महिन्यांनी मुंबईच्या एका क्लबानं माझा खेळ बघायला मला बोलावलं. वीस मिनिटं खेळवलं. मी चेंडू किती वेळा आभाळात घातला, ते मोजायचं सोडून दिलंय. त्यांनी पाणी दिलं, आणि परतीची गाडी कधी आहे ते विचारलं. पुढं ती खोड मोडायला मला चार हंगाम लागले. भीतीला शिक्षा झाली तर ती जाते रे. भीतीला बक्षीस मिळालं की ती अंगात घर करते. माझं पद त्यापुढं काय मोठं?"

 इंद्रजितने केस झटकले. गुलाल उंबऱ्यावर पडला.

"आणि शेठना काय सांगू?"

"सांग, म्हातारा पायऱ्यांवर बसायला येतोय."

आठ दिवसांनी हंगामाचा शेवटचा सामना आला. शेठनी इंद्रजितच्या दंडाला कप्तानाची पट्टी बांधली आणि बजावलं, "आता त्या म्हाताऱ्याचं काही चालायचं नाही. अंगावर आले की वर मारायचं. नाहीतर पट्टीही जाईल आणि जागाही." इंद्रजितने मान हलवली. होय म्हणाला की नाही, ते कुणालाच समजलं नाही.

वस्ताद दस्तगीरच्या शेजारी पायरीवर बसले होते. दस्तगीर म्हणाला, "आज तरी शांत बसा, वस्ताद. बिडी वढा."

"मी कधी ओरडलोय? ओरडणारा तू."

सामना सुरू झाला. दहाव्या मिनिटाला इंद्रजितपाशी चेंडू आला, तिघे धावून आले. "मार वर!" पायऱ्या ओरडल्या. त्याने चेंडू तळपायाखाली दाबला, मान वर केली, वळला. वळताना एकाने चेंडू हिसकावला, पुढे नेला आणि गोल केला.

मग ज्या शिव्या पडल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. वस्ताद गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. पोरगं आता मान खाली घालेल, एवढीच त्यांना धास्ती होती.

मध्यंतराला शेठ मैदानाच्या कडेला आले. "पट्टी सोड," म्हणाले. इंद्रजितने स्वतःच्या हाताने पट्टी सोडली आणि त्यांच्या हातात दिली. "ही घ्या. पाय माझे आहेत, ते माझ्याकडं राहू द्या."

शेठनी राखीव खेळाडूला हाक मारली. मागच्या सामन्यात आत गेला होता, तोच हा. तो बुटाची नाडी बांधत बसला. शेठ दोनदा ओरडले. "आलोच, शेठ," तो म्हणाला. ती नाडी सामना संपेपर्यंत बांधून झाली नाही.

दुसऱ्या डावात चेंडू पुन्हा पुन्हा इंद्रजितकडे आला, कारण तो हात वर करून मागत होता. दोनदा पाडला गेला. उठला, चड्डीवरची धूळ झटकली, पुन्हा मागितला. प्रत्येक वेळी तळपाय, मग मान वर, मग साथीदार. एकदा चेंडू आपल्याच सात जणांच्या पायांतून जमिनीलगत गेला आणि गोलाच्या खांबाला लागून परत आला. पायऱ्यांवर तेव्हा जो आवाज उठला तो शिवीचा नव्हता.

शिट्टी वाजली. संघ एका गोलाने हरला. फटाके समोरच्यांचे वाजले. माणसं धूळ झटकत उठू लागली. इंद्रजितने मैदानातूनच पायऱ्यांकडे बघितलं, आणि वस्तादांनी नुसती मान हलवली. आपल्याला सगळ्यांनी एका आवाजात काही सांगितलं, की तेव्हा मान वर आहे की खाली, एवढं ज्याचं त्याने बघावं.

दस्तगीर मात्र अजून बसूनच होता. एरवी सामना संपला की त्याचा घसा बसलेला असायचा. आज त्याने बोलायला तोंड उघडलं, तर आवाज खणखणीत निघाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो वस्तादांना म्हणाला,

"हरलो खरं, वस्ताद. पण दुसऱ्या डावात मला एकदाबी 'मार वर' म्हणवलं न्हाई."