‘आणि’वर संपणारी पुस्तकं

“पण बुवा, अशी पुस्तकं तुम्हाला सापडतात तरी कुठे?”

“कशी?”

“ही. शेवटचं वाक्य अर्धं सोडून संपणारी.”

देऊबुवा लोखंडी पेटीवर कोपर टेकून बसले होते. त्यांनी जरा विचार केला.

“बाजारात,” ते म्हणाले.

प्रफुल्ल खळतकरनं मान डोलावली. थोर माणसं असंच तुटक बोलतात, हे त्यानं बऱ्याच पुस्तकांत वाचलं होतं.

वाचन त्याचं दांडगं. तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवायचा. जेवताना वाचायचा, चालताना वाचायचा, परीक्षेच्या हॉलमध्ये पहाऱ्यावर असतानाही वाचायचा. त्याच्या हॉलचा निकाल कायम चांगला लागायचा. दर रविवारी सकाळी सहाशे लोकांच्या मोबाइलवर त्याची शिफारस जायची, की बाबांनो, या आठवड्यात हे वाचा. आणि लोक ‘वाचलं’ असं कळवायचेही.

टेकडीवरच्या मठात प्रसाद म्हणून पुस्तक देतात हे कळलं, तेव्हापासून दोन वर्षं तो दर गुरुवारी पायऱ्या चढत होता. एका वेळी एकच पुस्तक न्यायचं आणि परत करायला स्वतः यायचं, एवढाच तिथला नियम.

पुस्तक परत केलं की बुवा विचारायचे, “झालं?”

“झालं! अप्रतिम!”

मग बुवांचा हात हळूच त्या पेटीवर जायचा. “अजून काही हवं?”

“पुढचं पुस्तक.”

बुवा हात काढून घ्यायचे.

असं शंभर वेळा तरी झालं असेल.

त्या पेटीचीच तर सगळी गोष्ट होती. बुवांचं वय झालं होतं. मठातली पुस्तकं आणि ती कुलूपबंद पेटी आता कुणाच्या हाती जाणार, याची खालच्या गावात पैज लागायची बाकी होती. पेटीत दुर्मिळ पोथ्या आहेत असं लोक म्हणायचे. प्रफुल्लला रात्री स्वप्नातही ती पेटी दिसायची. आपल्याएवढं इथलं कुणी वाचलंय का? मग पेटीवर हक्क कुणाचा?

आज तो रिकाम्या हातानं आला नव्हता. त्यानं चाळीस पानांचा निबंध बुवांपुढे ठेवला. वर ठळक अक्षरांत नाव होतं, ‘अर्धवट शेवटाचं सौंदर्य’.

“तुमच्या निवडीवर लिहिलंय,” तो म्हणाला. “शंभर पुस्तकं, शंभर लेखक, आणि एकानंही वाक्य पुरं केलेलं नाही! त्या तांबटाची कादंबरी घ्या. धरणात गाव बुडालं, पोरीशी अबोला, तरी म्हातारा तिच्यासाठी सहा महिने हंडा घडवतो. आणि शेवट काय? ‘त्यानं हंडा खांद्यावर घेतला आणि’. बस! ‘आणि’वर पुस्तक संपतं! काय छाती आहे लेखकाची!”

“आहे खरी,” बुवा म्हणाले.

“सहाशे लोकांना सांगितलं मी. नुसत्या शेवटासाठी वाचा म्हटलं.”

“वाचलं त्यांनी?”

“सगळे म्हणाले, अंगावर काटा आला.”

बुवांनी निबंध न उघडताच बाजूला ठेवला.

“पेटी हवीय ना तुम्हाला, मास्तर?”

प्रफुल्ल पुढे सरकला. “तुम्ही योग्य समजत असाल तर...”

“किल्ली येईल आत्ता. बसा.”

किल्ली येईल म्हणजे? ती तर बुवांच्या जानव्याला असते, असं अख्खं गाव सांगायचं. प्रफुल्लनं निरखून पाहिलं. बुवांच्या गळ्यात जानवंच नव्हतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर शेळी ओरडली आणि पाठोपाठ कौतिकाबाई वर आल्या. खालच्या गावात त्या शेळ्या राखायच्या. चाळिशी पार केल्यावर पोरांच्या शाळेत बसून अक्षरं शिकल्या होत्या. त्यांच्या हातात तांबटाचं तेच पुस्तक होतं, पदरात गुंडाळलेलं.

“झालं?” बुवांनी विचारलं.

“झालं. चार महिने लागले.” त्यांनी धापा टाकत पुस्तक ठेवलं. “अन् एकशे बारावं पान शेळीनं खाल्लं. ते म्या मनानंच भरून काढलं.”

“काय भरलं?”

“त्याची बायको त्याले हासली असन, असं. हासल्याबिगर तो येवढा गप होणार नाही.”

बुवांनी डोळे मिटले. “तसंच आहे,” ते म्हणाले. मग त्यांचा हात पेटीवर गेला. “अजून काही हवं?”

“हवं म्हंजे? पान द्या ना बुवा! चार रोजापासून झोप नाही मले.”

“आधी सांगा.”

कौतिकाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. “तो पोरीच्या घरात जात नाही. उंबऱ्यावर हंडा ठेवते अन् वापस येते. पन हंड्यात पानी भरून ठेवते. रिकामा हंडा पोरीच्या दारात कोन ठेवन?” मग त्या प्रफुल्लकडे वळल्या. “सर, तुमी तं वाचलं हाये. बरुबर हाये ना? जाते का तो आत?”

प्रफुल्लनं निबंधाकडे पाहिलं.

“तो... लेखकानं ते वाचकावर सोडलंय.”

“असं कसं सोडलं? वाटेत सोडाले ते का कोकरू हाये?”

“बाई,” बुवा म्हणाले, “किल्ली मास्तरांना द्या.”

कौतिकाबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि दिली. प्रफुल्ल बघतच राहिला. पण फार वेळ नाही. दोन वर्षांची वाट होती. तो गुडघ्यांवर बसला, कुलूप काढलं, झाकण उचललं.

पोथ्या नव्हत्या. पेटीत सुटी पानं होती, नीट थर लावून ठेवलेली. प्रत्येकाची एक कड पात्यानं सरळ कापलेली.

त्यानं वरच्याच पानावर नजर टाकली. पान अर्ध्या वाक्यापासून सुरू होत होतं. दुसरं पानही तसंच. तिसरंही. आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच शब्द... समाप्त.

“ही... ही कुठल्या पुस्तकांची?”

“तुमची झालेली.”

शेळीनं निबंधाकडे मान लांबवली. कुणी तिला हाकललं नाही.

प्रफुल्लच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शंभर वेळा ‘अजून काही हवं’ ऐकलं होतं त्यानं. सहाशे लोकांच्या अंगावर काटा आणला होता.

कौतिकाबाईंनी पेटीत हात घालून तांबटाचं पान बरोबर काढलं आणि उभ्याउभ्याच बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं. मग खाली बसल्या. पुन्हा वाचलं. डोळ्यांना पदर लावला.

“मेला तांबट,” त्या म्हणाल्या. एवढंच.

प्रफुल्लचा हात आपोआप त्या पानाकडे गेला.

“मास्तर,” बुवा म्हणाले. “आधी तुम्ही सांगा.”

प्रफुल्ल सांगायला लागला. तांबट खांद्यावर हंडा घेतो आणि... पोरीचं नाव काय होतं? हंडा खांद्यावरच का, डोक्यावर का नाही? बायको हसली होती ते पान त्यानं वाचलं होतं. तेव्हा शेळीनंही खाल्लं नव्हतं. त्याला ते आठवेना.

त्यानं हात मागे घेतला. कौतिकाबाईंनी पान परत पेटीत ठेवलं, तेव्हा त्यानं झाकण लावलं. कुलूप घातलं.

“किती वर्षं आहे किल्ली तुमच्याकडे?” त्यानं कौतिकाबाईंना हळूच विचारलं.

“अकरा.”

“कधी एकटीनं उघडून बघावंसं नाही वाटलं?”

“रोजच वाटते.”

प्रफुल्लनं किल्ली दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवली. देवळात नाणं ठेवतात तशी. मग त्यानं तांबटाचं पुस्तक उचलून छातीशी धरलं. या खेपेला गुरुवारपर्यंत होणार नव्हतं.

पायरीपाशी तो थांबला.

“बुवा, तो निबंध... शेळीला घाला.”

“का?”

“एका अक्षरात अर्थ नाही त्याच्या.”

बुवांनी शेळीला बाजूला सारून निबंध मांडीवर घेतला. गादीखालून पातं काढलं. चाळिसावं पान अलगद कापलं आणि पेटीत ठेवायला कौतिकाबाईंकडे दिलं.

“अहो बुवा, त्यात तर निष्कर्ष होता!”

बुवांनी उरलेली एकोणचाळीस पानं पुस्तकांच्या फळीवर नीट उभी करून ठेवली.

“आता वाचण्यासारखा झाला.”