कोंडाबाईचा न पडलेला थेंब

दरवर्षी यात्रा आली की मलाच सांगायला बसवतात. ऐकणारे ऐकतात, मान हलवतात आणि घरी जाऊन बाजारातल्या तेलाची बाटली तोंडाला लावतात. यंदा यात्रा कमिटी म्हणते, तात्या, लिहून द्या, फलकावर लावू. मी तिसरीपर्यंत शिकलो, जमेल तसं लिहितो. पण कोंडाबाईने मेलेला माणूस उठवला असं मध्येच कुणी घुसडलं, तर फलक मी स्वतः उतरवीन. तसं काही झालेलं नाही.

फार वर्षांपूर्वी, सोंडखेडला गाडीवाटही नव्हती तेव्हा, ओढ्याकाठी कोंडाबाई तेलीण राहायची. एक लाकडी घाणा आणि एक आंधळा बैल, एवढाच तिचा संसार. लमाणांच्या तांड्याने तिला कलौंजीचं काळं बी दिलं. तिने ते पेरलं, पिकवलं आणि त्याचं तेल काढलं. असं म्हणतात, घाणा फिरू लागला की वास तीन गावांवर जायचा आणि शिंकणाऱ्याची शिंक नाकातच थांबायची. शिंकेचं मला पटत नाही. पण तेल चांगलं होतं. पोट फुगलं, कफ दाटला, गुडघे धरले, की लोक तिच्याकडे यायचे. बऱ्याच जणांना बरं वाटायचं, सगळ्यांना नाही. हे ती तोंडावर सांगायची. "तेल आहे बाबा, देव नाही."

द्यायची किती? दोन थेंब. दर्भाच्या काडीने, जेवण झाल्यावर, मधाच्या बोटावर. गुडघ्याला चोळायचं तर खोबरेलात मिसळून, तेही आधी मनगटाला लावून, दिवसभर खाज सुटते का बघून. आणि देण्याआधी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायची. पोटात बाळ आहे का? दुसरं औषध चालू आहे का? अंगावर चिरफाड करून घ्यायची आहे का? एकालाही हो म्हटलं की काडी खाली. मग तू राजा अस नाहीतर रडून दाखव.

त्या वेळी यशाजी पाटलाच्या सुनेला, चिमाबाईला, खोकला लागला. तिची कूस दोनदा रिकामी झालेली. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिसरा महिना होता. आमच्याकडे पाचवा लागेपर्यंत बाहेर बोलत नाहीत, नजर लागते म्हणून. त्या नजरेने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. न बोलल्याने झालेलं पाहिलंय.

पाटील तांब्या घेऊन आला. "दोन थेंबांनी गाव बरं होतं, मग तांब्याभराने माझी सून उद्या उठून बसेल. भर."

"पोटात बाळ आहे का तिच्या?"

"पाटलाच्या घरातलं तेलिणीने विचारायचं?"

"तेल माझं आहे, तर विचारणार मीच."

"नाही बाळबीळ काही. भर गुमान."

कोंडाबाईने काडी बुडवली आणि तांब्यावर धरली. थेंब टोकाशी आला आणि तिथेच राहिला. तिने काडी झटकली, तरी राहिला. पाटलाने तिचा तेलाचा बुधला हिसकावून तांब्यावर पालथा केला. असं म्हणतात, तेल बुधल्याच्या तोंडाशी लोंबत राहिलं, काळ्या जांभळासारखं, पण खाली येईना. सगळं गाव बघत होतं. मी तिथे नव्हतो, जे कानावर आलं ते लिहितो.

"तुझ्या तोंडून खरं येईना, म्हणून तेल येईना," कोंडाबाई म्हणाली.

पाटलाने तिचा बैल सोडून नेला, घाणा बंद केला. तीन दिवस बुधला कोंडाबाईच्या दारात पालथाच आणि थेंब लोंबता. चौथ्या दिवशी चिमाबाई स्वतः खोकत खोकत ओढ्यावर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तिसरा महिना आहे मला. मामंजी खोटं बोलले."

तेव्हा तेल पडलं. तांब्यात नाही, दारातल्या दगडावर. दगड अजून काळा आहे, पावसाने धुतला जात नाही.

कोंडाबाईने तिला एक थेंबही दिला नाही. गरम पाण्याची वाफ घे, कोमट पाणी पी आणि वैद्याला पोटाचं खरं सांग, एवढंच म्हणाली. खोकला गेला. चिमाबाईला मुलगी झाली, आणि पाटलाने बैल परत आणून बांधला. तोंडाने चूक झाली म्हणाला. पाटील असून म्हणाला, हे ध्यानात ठेवा.

पुढे एक दिवस घाणा आपोआप फिरत होता आणि कोंडाबाई कुठेच नव्हती, असं म्हणतात.

तेव्हापासून यात्रेत त्या दगडापाशी तेल देतात. दोनच थेंब, जेवलेल्यालाच, तीन गोष्टी मोठ्याने विचारून. बाटली घरी देत नाहीत. एकोणीस वर्षं विचारायचं काम माझ्याकडे आहे. पण माझ्या हातून थेंब पडतो हो, खोटं बोललात तरी पडतो. मी कोंडाबाई नाही. म्हणून तरी खरं बोला.

मागच्या साली एकाने साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू असताना मला तोंडावर "नाही" म्हटलं. वर बाजारातून बाटली आणली आणि गोळ्यांवर रोज चार चमचे ढोसलं. आठव्या दिवशी साखर उतरून पारावर आडवा झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट समजावलं. तरी गावभर सांगत फिरला, तात्याने विष घातलं. वर्ष झालं, रोज माझ्या दारावरून जातो आणि मान खाली घालतो. पाटलाला जे जमलं ते याला जमत नाही. नाव लिहू नका म्हणते कमिटी. लिहितो. विश्वंभर टाकसाळे.