जुस्तिनाचा झरा

मंडळी, लिस्बनची ही चढण दमवते, ठाऊक आहे. थोडं थांबू या. समोर भिंतीतून पाणी येतंय ना, तो जुस्तिनाचा झरा. मी मूळची फोंड्याची, लग्नानंतर इथे आले. ही गोष्ट मला या गल्लीतल्या बायकांनी सांगितली. पुस्तकात शोधाल तर मिळायची नाही.

फार पूर्वी या टेकडीवर पाण्याचा थेंब नव्हता म्हणे. बायका खाली नदीकाठच्या हौदावरून घागरी वर आणत. जुस्तिना त्यांतलीच एक, विधवा बाई. एका उन्हाळ्यात तापाची साथ आली आणि तिची मुलगी लुझिया अंथरुणाला खिळली. जुस्तिना घागर घेऊन चढत होती, तेव्हा इथेच पायऱ्यांवर एक परका खलाशी पडलेला दिसला. त्यालाही ताप होता. त्याने ओंजळ पुढे केली.

घागर गळकी होती आणि तळाशी थोडंच पाणी उरलं होतं. मुलीचा चेहरा जुस्तिनाच्या डोळ्यांपुढे आला.

"थांब रे बाबा, तुझ्यासाठी दुसरं आणते," ती म्हणाली.

तिने मुलीला पाणी पाजलं आणि धावत खाली गेली. परत आली तेव्हा खलाशाचा प्राण गेला होता. ओंजळ तशीच होती.

जुस्तिनाने तिथेच नवस बोलला. "या जागी पाणी आणीन. पहिली ओंजळ परक्या माणसाला देईन. तोवर मी बसणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने पहार घेतली आणि हा खडक फोडायला लागली. ती उभ्यानेच जेवायची, भिंतीला टेकून डोळा लावायची, असं सांगतात. लोक हसले. पाद्री समजवायला आले, "बाई, खडकात कुठलं पाणी? प्रार्थना कर."

"प्रार्थना तुम्ही करा, फादर. पहार माझ्याकडे राहू दे."

लुझिया बरी झाली. आईचे सुजलेले पाय बघून रडली, "आई, क्षणभर तरी बस गं."

"रडू नकोस. तो दगड उचल."

लुझियाने दगड उचलला. मग शेजारणी आल्या. हसणारे पुरुषही हळूहळू टोपल्या घेऊन आले. हिवाळा गेला, पुन्हा ऊन तापलं. आणि एका सकाळी खडकात गेलेली पहार ओली होऊन बाहेर आली.

पाणी वाहू लागलं. सगळे धावले. जुस्तिना आडवी उभी राहिली. तहानलेली माणसं थांबली, तीही थांबली. दुपारी सुया-दोरे विकणारा एक अनोळखी फेरीवाला चढून आला. तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पोटभर प्यायला. मग ती पायरीवर बसली आणि मुलीला म्हणाली, "आता मला दे."

आजही या गल्लीत तीच रीत आहे. परका माणूस झऱ्याशी आला, की त्याच्याआधी इथलं कुणी पाणी पीत नाही. त्या काळ्या शालीतल्या आजी बघा, मघापासून रिकामा पेला धरून उभ्या आहेत.

काका, पुढे व्हा. त्यांना तहान लागली आहे.