कोऱ्या पाठीची मेंढी

स्कॉटलंडच्या हिरव्यागार डोंगरकुशीत ग्लेनमोरा नावाचं इवलंसं गाव होतं. भोवती तीन चिमुकल्या वाड्या. सगळ्यांच्या मेंढ्या एकाच कुरणात चरत, म्हणून प्रत्येक वाडी आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर आपला रंग लावी: लाल, निळा, हिरवा. गावाच्या कडेला गळक्या झोपडीत इश्बेल आणि तिची आई राहत. त्यांची एकच मेंढी, पिवळ्या ठिपक्याची. तिच्या लोकरीवरच त्यांचा हिवाळा निघे. आणि नेमकी लोकर कातरायच्या आदल्या दिवशी ती दलदलीत लोळली.

रडवेली इश्बेल तिला ओढ्याकडे नेत होती. वाटेत कुरणाच्या कडेला पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपात एक इटुकली परी अडकली होती. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते. बोटं ओरबाडली तरी इश्बेलने तिला अलगद सोडवलं.

"दोन इच्छा माग," परी म्हणाली. "पहिली सगळ्यांना सारखी मिळेल. दुसरीत तुला काहीच मिळणार नाही."

"मग दुसरी कशाला?" इश्बेल गोंधळली.

"ते मलाही नीटसं माहीत नाही गं. नियम आहे."

"बरं. माझी मेंढी स्वच्छ पांढरी होऊ दे."

चंदेरी झुळूक आली आणि कुरणातली प्रत्येक मेंढी ढगाच्या पिल्लासारखी शुभ्र झाली. इश्बेलची मेंढी उड्या मारत त्यांच्यात मिसळली. तेव्हा इश्बेलच्या लक्षात आलं, एकाही पाठीवर रंग उरला नव्हता.

वाड्यांतली माणसं धावत आली.

"ही माझी. मला बघून ओरडली," फर्गसकाका म्हणाले.

"तुम्हाला बघून कुणीही ओरडेल," मोरागकाकू म्हणाल्या.

भांडण वाढत गेलं. आई भांबावून एकेका मेंढीच्या तोंडाकडे पाहत होती. इश्बेलला काही सुचेना. दुसऱ्या इच्छेत रंग परत मागितले, तर आपला ठिपका येणार नाही. मेंढी कुणीही नेईल. पण हा घोळ तिनेच तर घातला होता. तिने डोळे घट्ट मिटले.

"सगळ्यांचे रंग परत येऊ देत."

कुरणात लाल, निळे, हिरवे ठिपके फुलांसारखे उमलले. मधोमध एकच मेंढी पांढरीशुभ्र राहिली. फर्गसकाकांनी तिला धरलं. इश्बेलने श्वास रोखला.

"हिच्यावर कुणाचाच रंग नाही," काका डोकं खाजवत म्हणाले.

"आमच्या सगळ्यांच्या मेंढ्या सापडल्या," मोरागकाकू म्हणाल्या. "राहिली कोण? ही पोरगी."

काकांनी मेंढी इश्बेलच्या हाती दिली. "घे बाळ. हिला आता रंग लावूच नका. अशी एकच आहे, डोंगरावरूनही ओळखू येईल."

काटेरी झुडपात हसू किणकिणलं. "अस्सं होय," परी म्हणाली, "आत्ता कळला मला तो नियम." आणि सोनेरी उजेडात ती विरघळून गेली.