नाव टाकून ऐकणारा

एकदा एका व्यापाऱ्याच्या शीतगृहात वाजायला हवी होती ती घंटा वाजली नाही, आणि तिथून एका भल्या माणसाच्या मनाला संशयाची वाळवी लागली.

व्यापारी बेदाण्याचा होता. भोवतालच्या बागाईतदारांचा हिरवा बेदाणा त्याच्याकडे खोक्यांत भरून, गारव्यात जपून ठेवलेला असे. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या सुट्टीत एका खोलीचे थंडावा देणारे यंत्र बंद पडले. खोली तापू लागली तर पहारेकऱ्याच्या चौकीत घंटा वाजावी, अशी सोय संगणकावर केलेली होती. पण घंटा वाजली नाही. सुट्टी संपवून माणसे आली आणि दार उघडले, तेव्हा आतून दमट वाफ अंगावर आली. हिरवागार बेदाणा काळपट आणि चिकट झाला होता. शेठजींनी एक दाणा तोंडात टाकला, थुंकला आणि म्हणाले, “हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलंय.” नुकसान झाले की माणसाला कारण नको असते, त्याला दुसरा माणूस हवा असतो.

संगणकाचे काम तिथे दोघांकडे होते. एक आपल्या कथेतला शिष्य आणि दुसरी त्याची गुरुभगिनी, संज्योत मगदूम. दोघे एकाच वृद्ध गुरूच्या हाताखाली शिकले होते. हे गुरू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. सारे त्यांना आप्पा म्हणत. आप्पा अधूनमधून शीतगृहात येत, चहा घेत, दोघांच्याही चुका काढत आणि समाधानाने घरी जात. शिष्याचे आणि संज्योतचे चांगले जमत असे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासायचे, आणि चूक सापडली की दिवसभर चिडवायचे, असा त्यांचा रिवाज होता.

शेठजींनी शिष्याला एकट्याला आत बोलावले. “कॉम्प्युटरसकट सगळं परत चालू करून घेतलंय. पण त्या कॉम्प्युटरला हात लावणारे दोघंच आहात, तू आणि ती. तू नाहीस, हे मला ठाऊक आहे. मग कोण, ते तू शोधून दे.”

‘तू नाहीस’ हे शेठजींना कोणी सांगितले, असे शिष्याने विचारायला हवे होते. पण आपल्यावरचा आळ टळला की चौकशी करायची बुद्धी कोणाला होते? तो ‘हो’ म्हणाला आणि कामाला लागला.

इथे यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात आणि ते एकमेकांना निरोप पाठवतात. तापमानावर नजर ठेवणारा प्रोग्राम घंटा वाजवणाऱ्या प्रोग्रामला सांगतो, ‘वाजव.’ हे निरोप ज्या सामाईक वाटेने जातात तिला त्या विद्येत ‘बस’ म्हणतात. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला एक नंबर मिळतो, तेच त्याचे तिथले नाव. उतरून पुन्हा चढला तर जुना नंबर मिळत नाही, नवा मिळतो. म्हणून ज्याला इतरांनी हाक मारायची, तो स्वतःची एक कायमची पाटीही लावतो. नंबर बदलला तरी पाटी तीच राहते. आणि ही सगळी बोलणी आपल्याला ऐकायची असतील, तर त्यासाठीही साधन आहे. पडद्यावरच्या ‘टर्मिनल’ नावाच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड द्यायची, की कोण कोणाला काय म्हणाले ते ओळीमागून ओळ सरकू लागते. या साधनाची माहिती देणारी पाने असतात. ती शिष्याने वाचली नव्हती. औषधाबरोबरचा कागद आपण तरी कधी वाचतो?

शिष्याने कमांड दिली, आणि अगदी वरच्याच ओळींवर त्याची नजर थबकली. कोणीतरी अनोळखी बसमध्ये चढले होते. पाटी नाही, नुसता नंबर. पहिल्या ओळीत नंबर मिळाल्याची नोंद होती, आणि लगोलग तोच नंबर गेल्याची. त्यानंतर तो अनोळखी चिडीचूप. बाकीचे प्रोग्राम आपापले निरोप देत राहिले, पण हा एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. नंबर नवा, वागणे तेच. शिष्याने सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, जेवण अर्धे टाकून पाहिले. तो बघायला बसला की हा हजर, आणि हजर झाला की नाव टाकून बेपत्ता. पाणी कुठेतरी मुरत होते यात शंका नव्हती. आपण पाळतीवर बसतो हे याला कळते कसे, असे शिष्य स्वतःला विचारू लागला. आणि विचारता विचारता त्याची नजर शेजारच्या टेबलाकडे गेली.

कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते. संज्योत गुणगुणली तर त्याला वाटे, साळसूदपणाचा आव आणते आहे. गप्प बसली तर वाटे, मनात काहीतरी काळेबेरे आहे. ती त्याच्या टेबलाशी आली की तो घाईने खिडकी झाकून टाकी. ती क्षणभर थांबे, “काही नाही, नंतर बोलू,” म्हणे आणि परत जाई. हे ‘काही नाही’ त्याने पुराव्यात जमा केले. जिच्याशी रोज थट्टामस्करी चाले, तिच्याशी त्याने बोलणेच सोडले. आणि आपण न बोलता किती बारकाईने ऐकतो आहोत, याचा त्याला मनातून अभिमान वाटू लागला. मला विचाराल तर बेदाण्यापेक्षा मोठी नासाडी ही होती.

शेवटी तो शेठजींकडे गेला. “आपल्या मशीनमध्ये कुणीतरी चोरून ऐकतंय. मी पाळतीवर बसलो की लगेच नाव टाकून लपतंय. तिच्याशिवाय दुसरं कोण असणार?” आणि दारापर्यंत जाऊन तो परत फिरला. “फक्त माझं नाव मध्ये आणू नका, शेठजी. रोज शेजारी बसायचं असतं.”

“तुझं नाव कशाला येतंय?” शेठजी म्हणाले. “उद्या सकाळी सगळ्यांदेखत तिला घरी पाठवतो.”

त्या तालुक्यात शीतगृहे ती किती, आणि त्यांचे मालक एकमेकांचे सोयरे. घातपाताच्या आळावर एकाने काढलेल्या माणसाला दुसरा कोणी दारात उभे करत नसे. संज्योतला नोकरीच नव्हे, तर ते गावच सोडावे लागले असते. शिष्याला हे ठाऊक होते. म्हणून त्याला राहून राहून वाटू लागले, की शेवटचा एक पक्का पुरावा हाती असावा.

नेमके त्याच दुपारी आप्पा आले. शिष्याने त्यांना बाजूला घेऊन सारे सांगितले. आप्पांनी बशीतला चहा सावकाश संपवला.

“हा तुझा चोर आत्ता येईल का?”

“मी कमांड दिली की येतोच.”

“असं होय.” आप्पा उठले. संगणकाच्या मागे जाऊन त्यांनी नेटवर्कची वायर उपसली, तिची गुंडाळी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. मग बाहेर जाऊन मोठ्याने म्हणाले, “संज्योत, चल बाळ. सगळ्यांनाच घे. फाटकाबाहेर रसवाला आलाय, आज माझ्याकडून उसाचा रस.” जाता जाता त्यांनी शिष्याला सांगितले, “आता आत तू आणि हे यंत्र. दे कमांड. चोर आला तर दार वाजव.” आणि त्यांनी बाहेरून चक्क कडी लावली.

साठी बुद्धी नाठी, असे शिष्याच्या मनात येऊन गेले. पण त्याने कमांड दिली.

अनोळखी आला. नवा नंबर घेतला, टाकला आणि गप्प झाला.

शिष्याने कमांड बंद करून पुन्हा दिली. पुन्हा नवा नंबर. बंद दाराच्या आत, वायर उपसलेल्या यंत्रात कोणीतरी येत होते. त्याने वळून मागे पाहिले. मग वाकून टेबलाखाली पाहिले. हसू नका. संशयाने पछाडलेला माणूस स्वतःच्या जेवणाच्या डब्यातही डोकावून बघतो. अखेर त्याने घाबरून दार वाजवले.

आप्पांनी कडी काढली. “आला?”

“आला, आप्पा. जितक्यांदा कमांड दिली तितक्यांदा आला.”

“संज्योत माझ्यासमोर रस पितीये. वायर माझ्या खिशात आहे. आत कोण होतं?”

“मी एकटा.”

“आणि बसमध्ये दर वेळी नवीन काय चढवत होतास?”

शिष्याने काळ्या खिडकीतल्या पहिल्या ओळी पुन्हा वाचल्या. “कमांड,” तो पुटपुटला. “माझीच कमांड.”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” आप्पा म्हणाले, पण ते हसत नव्हते. ते खुर्चीवर बसले. “अरे, बसमध्ये चढल्याशिवाय बसमधलं ऐकू येत नाही. तुझी कमांडसुद्धा आधी प्रवासी होऊन नंबर घेते. मग म्हणते, मला सगळ्यांचं ऐकायचंय. तेव्हा बस तिला सांगते, ऐक, पण तुझा नंबर परत दे. इथून पुढं तुला नाव नाही आणि तोंड नाही. एक शब्द बोललीस तर खाली उतरवीन. आम्हीसुद्धा एक्स्चेंजात रिसीव्हर कानाला लावून लोकांची बोलणी ऐकायचो, कामासाठीच ऐकायचो. पण तोंड बंद ठेवून नुसतं ऐकत राहिलं ना, की कुणाचं साधं ‘सुखरूप पोचलो’सुद्धा कारस्थान वाटायला लागतं. यंत्राचा बिघाड शोधायला हे साधन उत्तम आहे. माणूस ओळखायला ते कुणी केलेलं नाही.” मग त्यांनी विचारले, “शेठजींकडे गेलास तेव्हा तुझं नाव दिलंस?”

शिष्याची मान खाली गेली. “म्हणालो, माझं नाव मध्ये आणू नका.”

आप्पांनी खिशातली वायर काढून पुन्हा संगणकाला जोडली. शिष्याने विषय बदलला.

“मग घंटा का वाजली नाही, आप्पा?”

“मला ठाऊक नाही. तुझ्या खिडकीलाही नाही. ती आजचं बोलणं दाखवते, बेंदराच्या आधीचं कुठून दाखवील? संज्योत बाहेर आहे. तिला विचार की.”

शिष्य फाटकाशी गेला. “संज्योत, सुट्टीच्या आधी तू घंटेच्या प्रोग्रामला हात लावला होतास का?”

“लावला होता की,” ती सहज म्हणाली. “दुपारी तो अडकून पडला होता, म्हणून बंद करून परत चालू केला. वाजवून बघितला, चांगला वाजला. तुझा तापमानाचा प्रोग्राम त्याला पाटीवरून हाक मारतो का नंबरवरून, एवढंच तुला विचारायचं होतं. त्यासाठी कितीदा येऊन गेले, पण तू आपला खिडकी झाकून बसलेला.”

आपण काय लिहिले होते ते शिष्याला लख्ख आठवले. त्याचा प्रोग्राम सुरू होताना एकदाच घंटेचा नंबर विचारून घेई आणि पुढे त्याच नंबरला हाक मारी. दुपारी घंटा उतरून पुन्हा चढली, तिचा नंबर बदलला. सबंध सुट्टीभर खोली तापत होती आणि त्याचा प्रोग्राम तिथे नसलेल्याला हाका मारत होता. मग शेठजींनी संगणकासकट सारे नव्याने चालू करून घेतले, नंबर पुन्हा जुळले, आणि पाळत ठेवून सापडण्यासारखे काही उरलेच नाही.

“नंबरवरून मारतो,” तो म्हणाला.

“मग तेच झालं,” संज्योत म्हणाली. “चल, दोघं मिळून करू दुरुस्त.”

दोघांनी बसून ती चूक सुधारली. पण शेठजींपाशी काय सांगून आलो ते तिच्यापुढे बोलायला शिष्याची जीभ रेटली नाही. शेठजी त्या दिवशी परगावी निघून गेले होते, आणि आपणहून सगळे मिटेल अशी भाबडी आशा त्याने रात्रभर बाळगली. भित्र्या माणसाची आशा नेहमी भाबडी असते.

सकाळी शेठजींनी सगळ्यांना कचेरीत बोलावले. आप्पाही एका कोपऱ्यात येऊन बसले.

“संज्योत,” शेठजी म्हणाले, “तुझ्याबद्दल तक्रार आली आहे. तू मशीनमध्ये बसून चोरून ऐकतेस. त्या घंटेचंही तूच काहीतरी केलंस. उद्यापासून येऊ नकोस.”

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “कोण म्हणतं असं?”

“नाव सांगायचं नाही, असं ठरलंय.”

ती एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. पहारेकऱ्याकडे, हमालांकडे, कारकुनाकडे. ज्याच्याकडे ती पाही तो खाली बघे, आणि निष्पाप माणसेही एकमेकांकडे वाकड्या नजरेने पाहू लागली. शिष्याने आप्पांकडे पाहिले. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

“नाव सांगा, शेठजी,” शिष्य म्हणाला. शेठजी गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा तो पुढे आला. “निशिकांत खराडे. तक्रार मी केली. चोरून ऐकत होतो तो मी. आणि घंटा वाजली नाही ती माझ्या चुकीनं, हिच्या नाही.”

शेठजींचा आवाज चढला. “काय बोलतोयस कळतंय का तुला? आता तुला ठेवायचं का नाही, ते मला बघावं लागेल.”

“बघा,” निशिकांत म्हणाला.

संज्योत रागावेल, चार शब्द सुनावेल, असे सगळ्यांना वाटले. ती फार हळू बोलली.

“तू इतके दिवस बोलत नव्हतास ना, मला वाटलं तुझ्या घरी काहीतरी वाईट झालंय.”

“घरी सगळे बरे आहेत,” निशिकांत म्हणाला, आणि सर्वांदेखत त्याला रडू फुटले.