पाहुण्याला मिळालेला होकार

फार पूर्वी एका नगरात मनुष्यस्वभावाचा अभ्यास करणारा एक पंडित राहत असे. निरनिराळ्या मुलखांतील माणसे दुःख कसे सोसतात, हे त्याला जाणून घ्यायचे होते. तो ज्या गुरुकुलात शिकवी, तेथील आचार्यपद त्याला याच अभ्यासावर मिळणार होते.

तो दूरच्या एका डोंगरी गावात गेला. गावाने त्याला उतरायला घर दिले, जेवू घातले. पंडित नेमाने वागणारा होता. प्रश्न विचारण्यापूर्वी तो प्रत्येकाची परवानगी घेई. एकानेही नकार दिला नाही, म्हणून तो मनोमन देवाचे आभार मानी.

एके दिवशी त्याने एका बाईला तिच्या बुडून मेलेल्या मुलाविषयी विचारले. तिने सगळे सांगितले, त्याच्यापुढे गूळपाणी ठेवले आणि परसात जाऊन ती भडाभडा ओकली.

पंडित चरकला. शेजारच्या म्हातारीला त्याने विचारले, "बोलायचे नव्हते, तर ती हो का म्हणाली?"

"आमचे अन्न खाल्लेला माणूस अमावास्या उलटेपर्यंत आमचा पाहुणा, बाबा. त्याला आम्ही नाही म्हणत नाही. तुम्ही माझी म्हैस मागितली असती, तरी दावे हातात दिले असते. नशीब माझे, तुम्ही नुसती उत्तरेच मागितलीत."

मिळालेली उत्तरे घेऊन निघून जावे, तर आचार्यपद हातात होते. जाब विचारणारे कोणी नव्हते. देव मात्र पाहत होता.

पंडिताने आपले बिऱ्हाड शिवेबाहेर हलवले. तेथे तो स्वतः रांधी आणि करपलेला भात मुकाट्याने खाई. अमावास्या उलटल्यावर त्याने गावाला सांगितले, "आता मी पाहुणा नाही. आधीची उत्तरे मी सोडून दिली. पुन्हा विचारतो, नाही म्हणालात तर राग मानणार नाही."

"मग नाही," म्हातारी तत्काळ म्हणाली. सगळे हसले.

बहुतेकांनी नकार दिला. ती बाईही नाही म्हणाली, आणि प्रथमच तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. थोडे जण मात्र आपणहून जवळ येऊन बसले आणि पूर्वी न सांगितलेलेही सांगू लागले.

आचार्यपद दुसऱ्याला मिळाले. तो परतल्यावर गुरुकुलातील त्याच्या गुरूंनी विचारले, "इतके दिवस राहिलास आणि एवढेच आणलेस?"

"एवढेच त्यांनी दिले," पंडित म्हणाला, आणि समाधानाने आपल्या विद्यार्थ्यांकडे वळला.

तात्पर्य: ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या होकाराला संमती समजू नये.