धुरपानं नेसलेलं लुगडं

फार वर्षं झाली. नेमकी किती ते मला विचारू नका, प्रत्येक सांगणाऱ्याचा आकडा वेगळा असतो. पण कुसूरगावात धुरपा नावाची परटीण होती, एवढं खरं. कापडावरच्या डागांवरून ती घराघरातलं सुखदुःख ओळखायची आणि कुणापुढे अवाक्षर काढायची नाही, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस दोन महिने हटला नाही. कुणाचंच कापड धड वाळेना, दमटच अंगावर चढवायचं. अशात पाटलांची नवी सून येसू हिच्या कमरेवर लाल कड्यासारखा चट्टा उठला. सासूनं तो पाहिला आणि महारोग, महारोग म्हणत घर डोक्यावर घेतलं. तेव्हा महारोग्याला ओढ्यापलीकडच्या झोपडीत नेऊन टाकत. कसली काळजं म्हणायची ती! येसूला न्यायचा दिवससुद्धा ठरला.

तिचं लुगडं धुवायला आलं. भिजवण्याआधी धुरपानं ते उलगडलं, तर कमरेपाशी रक्ताचे बारीक ठिपके. नखांनी खाजवल्याचे. लुगडं काखेत मारून ती तडक पाटलांच्या अंगणात गेली.

"पाटील, महारोगाच्या चट्ट्याला टोचलं तरी कळत न्हाई. ही पोर तर रगत येईस्तोवर खाजवतीया. गजकर्ण हाय ह्यो."

"परटिणीनं कापडं धुवावीत," पाटील म्हणाले. "वैदकी करू नये."

धुरपा चिडली. साऱ्या गावादेखत तिनं ते न धुतलेलं लुगडं अंगाला गुंडाळलं.

"आता मलाबी हुईल. मी बरी झाले तर पोर घरात घ्यायची. न्हाई झाले तर दोघींना पल्याड टाका."

येसूला ती आपल्या खोपटात घेऊन गेली. पंधरा दिवसांत धुरपाच्या कमरेवर तस्संच कडं उठलं. मग तिनं टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटून दोघींना लावला आणि दोघींची कापडं रोज भट्टीत उकळली. पण वाळवायची कुठं? असं म्हणतात, की तेव्हा तिच्या धुण्याच्या दगडापुरतं आभाळ उघडलं. चारी बाजूंना सरी आणि दगडावर लख्ख ऊन. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या, मला पटतं.

दीड महिन्यानं दोघींची कातडी स्वच्छ झाली. पाटील स्वतः सुनेला न्यायला आले, हात जोडून उभे राहिले.

धुरपानं एवढंच विचारलं, "आन् खरंच महारोग असता तर?"

पाटील सुनेला घेऊन घरी गेले. असं म्हणतात, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओढ्यापलीकडच्या झोपडीत टाकलेल्या एका म्हाताऱ्या महारोग्याला गावात आणलं आणि झोपडी मोडून टाकली.

आजही कुसूरगावात कुणाच्या अंगावर चट्टा उठला, तर त्याची कापडं वेगळी उकळतात, कडक उन्हात वाळवतात. जेवायला मात्र त्याचं पान पंगतीच्या मधोमध मांडतात, आणि धुरपाचं नाव घेऊन घरातली सर्वांत थोरली बाई पहिला घास त्याला आपल्या हातानं भरवते.